दुःस्वप्नातून जाग आल्यावर पुन्हा झोप कशी लागेल?

अनिमिष (प्रश्नकर्ता)

नमस्कार. गेल्या काही महिन्यांपासून मला आठवड्यातून एकदोनदा तरी भयंकर स्वप्न पडते आणि पहाटे साडेतीनच्या सुमारास मी दचकून जागा होतो. स्वप्नाचा तपशील दर वेळी थोडा बदलतो, पण गाभा तोच राहतो. मी एका अरुंद जिन्याने खाली उतरत असतो, जिना काही केल्या संपत नाही, आणि वरून कोणीतरी माझ्याच आवाजात मला हाक मारत असते. त्या हाकेला ओ द्यायची नाही, एवढे मला स्वप्नातही पक्के ठाऊक असते. तरीही तोंडून आवाज फुटू पाहतो आणि नेमक्या त्याच क्षणी जाग येते.

जाग आल्यावर हे स्वप्न होते हे कळायला मला वेळ लागत नाही. खोली ओळखीची असते, सगळे जागच्या जागी असते. अडचण त्यापुढची आहे. छाती धडधडत असते, जबडा इतका आवळलेला असतो की दाढा ठणकतात, मानेखालची उशी ओली झालेली असते आणि डोळे मिटले की जिना पुन्हा समोर उभा राहतो. मग मी उठतो, दाराची कडी लावली आहे ना ते पाहून येतो, पाणी पितो, मोबाइल हातात घेतो आणि उजाडेपर्यंत काहीबाही वाचत पडतो. दुसरा दिवस डोळे चोळण्यात जातो.

स्वप्नाचा अर्थ काय, ते कशाचे सूचक आहे, ही चर्चा मला नको आहे. मला एवढेच जाणून घ्यायचे आहे की अशा वेळी अंथरुणात पडून राहावे की उठावे. लगेच झोपल्यास तेच स्वप्न पुढे सुरू होते, या समजुतीत काही तथ्य आहे का. आणि स्वप्नाचा विचार करावा की तो झटकून टाकावा. ‘विचार करू नकोस, शांत झोप’ हा सल्ला घरच्यांकडून भरपूर मिळालेला आहे, त्यामुळे तो कृपया वगळावा.

सायंतारा

मी वैद्यकीय व्यवसायात आहे. तपासल्याशिवाय कोणाचेही निदान करता येत नाही, त्यामुळे पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणूनच वाचावा.

साडेतीनची वेळ हा योगायोग नाही. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतील अशा एका अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले, जिच्यात मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलत असतात. तिला आज आपण रेम झोप म्हणतो आणि ठसठशीत, गोष्टीसारखी उलगडणारी स्वप्ने मुख्यतः तिच्यातच पडतात. साधारण दीड तासाच्या एकेका चक्रात ही अवस्था एकदा येते. मात्र रात्रीच्या पहिल्या चक्रात ती जेमतेम दहा मिनिटे टिकते आणि पहाटेच्या चक्रांत अर्ध्या तासापर्यंत किंवा त्याहूनही अधिक लांबते. म्हणूनच दुःस्वप्नांचा हंगाम रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात असतो. या अवस्थेत मेंदूतील भीतीशी संबंधित अमिग्डला हा भाग चांगलाच जागा असतो, तर ‘हे असे होणे शक्य नाही’ असे सांगणारा कपाळामागचा भाग बराचसा सुस्तावलेला असतो. कोणी आपल्याच आवाजात आपल्याला हाक मारते आहे, या गोष्टीबद्दल स्वप्नात शंका का येत नाही, याचे उत्तर त्यात आहे.

आता पुन्हा झोप न लागण्याबद्दल. रात्री अंथरुणाला पाठ टेकताना दिवसभराच्या जागरणाने साचलेली झोपेची ओढ तुमच्या बाजूने असते. पहाटे साडेतीनपर्यंत ती बरीचशी फिटलेली असते आणि शरीरातील कॉर्टिसोल हे जागे होण्यास मदत करणारे संप्रेरक हळूहळू चढू लागलेले असते. अशा वेळी साधी जाग आली तरी पुन्हा झोपणे थोडे कठीण जाते. तुम्हाला तर शरीराने धोक्याची घंटा वाजवून उठवलेले असते. यातील दिलासा देणारी बाब अशी की ॲड्रेनलिनची ती लाट फार काळ टिकत नाही. तिला नवे इंधन मिळाले नाही, तर छातीतील धडधड काही मिनिटांत उतरू लागते. नवे इंधन म्हणजे काय, हे तुमच्याच वर्णनात आले आहे: कडी तपासणे, बातम्या वाचणे, आणि पुन्हा झोप लागली नाही तर उद्याचे काय होईल याचा हिशेब मांडणे. कडी तपासून येणे वरवर निरुपद्रवी वाटते, पण त्यातून मेंदूला संदेश जातो तो असा की धोका खरा असण्याची शक्यता होती, म्हणून खात्री करावी लागली.

त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत झोपेचा विचारच सोडून द्यावा आणि केवळ शरीराकडे पाहावे. उताणे पडण्यापेक्षा कुशीवर वळावे. जबडा सैल सोडावा. जीभ खालच्या दातांमागे टेकवली आणि ओठ किंचित विलग ठेवले की तो आपोआप सुटतो. श्वास नाकाने नेहमीइतकाच घ्यावा, पण सोडताना तो घेण्यापेक्षा लांबवावा. ओढूनताणून खोल श्वास घेऊ नये, कारण घाबरलेल्या अवस्थेत भराभर खोल श्वास घेतल्याने चक्कर आल्यासारखे वाटते आणि भीती उलट वाढते. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते, हे नाडीवर बोट ठेवूनही जाणवते. पाय गार पडले असतील तर ते पांघरुणात घ्यावेत, अंग तापले असेल तर पांघरूण दूर करावे. उशी ओली असेल तर उलटी करावी किंवा बदलावी. घामट कापडाला गाल लागत राहिला तर स्वप्न संपले यावर शरीराचा विश्वास बसत नाही.

रात्रपाळी

सायंतारा यांचे म्हणणे मान्य आहे, पण एका मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. ज्याच्या डोळ्यांसमोर जिना येतो आहे त्याने अंधारात डोळे मिटून पडून राहावे, हे सांगायला सोपे आहे. मी अनेक वर्षे रात्रीच्या वेळी आजारी माणसांची देखभाल करतो आणि घाबरून उठलेला माणूस मला नित्य पाहावा लागतो. अशा माणसाला आडवे पाडून ठेवण्यापेक्षा दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसवले, पाय जमिनीला टेकवले आणि खोलीतील चारपाच वस्तूंची नावे घ्यायला लावली, की तो बराच लवकर भानावर येतो. तळव्यांना लागणारी जमीन ही गोष्ट साधी आहे, पण ती अगदी खरी असते.

उजेडाच्या बाबतीत मात्र काटेकोर राहावे. छतावरचा दिवा लावू नये. जमिनीलगतचा, पिवळसर, मंद दिवा पुरेसा असतो. मोबाइलचा पांढरा उजेड तर वाईटच, पण मला विचाराल तर उजेडापेक्षा त्यातील मजकूर अधिक घातक असतो, कारण पहाटेच्या वेळी समोर येणारी प्रत्येक बातमी दुपटीने भेसूर वाटते. घड्याळाचे तोंड भिंतीकडे करून ठेवावे. किती वाजले हे कळल्याने आजवर कोणाला झोप लागल्याचे मी पाहिलेले नाही.

अनिमिष

दोघांचेही आभार. जबड्याची युक्ती मी आताच बसल्या जागी करून पाहिली आणि दिवसाही आपण तो किती आवळून धरतो हे लक्षात आले.

तरीही माझा दुसरा प्रश्न अजून शिल्लक आहे. स्वप्न पुढे सुरू होईल या धास्तीने मी झोप येत असतानाही मुद्दाम जागा राहतो, आणि खरे सांगायचे तर मला स्वप्नाइतकाच त्रास या धास्तीचा होतो. अलीकडे रात्री अंथरुणावर पडण्याची वेळ झाली की आधीच पोटात गोळा येतो. याशिवाय एक माहिती द्यायची राहिली. सुमारे अर्ध्या वर्षापूर्वी रक्तदाबासाठी मला मेटोप्रोलॉल सुरू झाले आहे. त्याचा यात काही संबंध असेल असे वाटत नाही, पण सायंतारा वैद्यकीय व्यवसायात आहेत म्हणून नोंदवून ठेवतो.

मनोगती

मी समुपदेशक म्हणून काम करते, तेव्हा धास्तीबद्दल मी लिहिते. औषधाबद्दल सायंतारा लिहितीलच.

तेच स्वप्न पुढे सुरू होते का? कधीकधी होते. जाग अगदी क्षणभराची असेल, माणूस पुरता भानावर आलाच नसेल, तर मेंदू पुन्हा त्याच अवस्थेत घसरू शकतो आणि मनात घोळणारे चित्र स्वप्नात परत येऊ शकते. म्हणून मध्ये थोडा वेळ पुरते जागे होणे हिताचे असते, आणि या बाबतीत रात्रपाळी यांचा पलंगाच्या कडेला बसण्याचा उपाय मला पटतो. नीट जागे होऊन, शरीर निवल्यानंतर झोपले असता पुढची झोप सहसा निराळ्या टप्प्यापासून सुरू होते. धास्तीपायी मुद्दाम जागे राहण्याचा मात्र दुहेरी तोटा आहे. एक तर अंथरूण आणि भीती यांची सांगड घट्ट होत जाते. दुसरे असे की रेम झोप तुटली तर शरीर पुढच्या रात्री ती भरून काढू पाहते आणि स्वप्ने अधिकच दाट होतात.

‘विचार करू नकोस’ हा सल्ला तुम्ही वगळायला सांगितला, ते योग्यच केले. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले होते. अस्वल त्यांच्या मनात येतच राहिले आणि नंतर विचार करण्याची मोकळीक दिल्यावर, ज्यांना सुरुवातीपासूनच मोकळीक होती त्यांच्यापेक्षाही ते अधिक वेळा आले. पुढे वेग्नर यांनीच सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिले की झोपण्यापूर्वी एखाद्या व्यक्तीचा विचार दाबून टाकला तर ती व्यक्ती स्वप्नात येण्याचे प्रमाण वाढते. तेव्हा पहाटे जिना डोळ्यांसमोर आला तर त्याला हाकलू नये आणि त्याच्यामागे जाऊही नये. ‘हे त्या स्वप्नातले चित्र आहे, त्याचे काम मी दिवसा करणार आहे’ असे मनाशी म्हणावे आणि लक्ष श्वासाकडे किंवा पांघरुणाच्या स्पर्शाकडे न्यावे. चित्र पुन्हा आले तर पुन्हा तेच करावे.

‘दिवसा करणार आहे’ हे शब्द केवळ मनाच्या समाधानासाठी नाहीत. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांसाठी जो मानसोपचार आज सर्वांत आधी सुचवला जातो, तो दिवसाच करायचा असतो. त्यात जागेपणी स्वप्नाची कथा बदलून लिहायची असते आणि ही नवी कथा रोज दहा-वीस मिनिटे मनात रंगवायची असते. बॅरी क्रॅको आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचाराला सामोरे जावे लागलेल्या १६८ स्त्रियांवर केलेला या पद्धतीचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात उपचार घेतलेल्या गटाची दुःस्वप्ने लक्षणीयरीत्या कमी झाली, झोपही सुधारली. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीनेही २०१८ च्या आपल्या निवेदनात या पद्धतीची शिफारस केलेली आहे.

तुमच्या स्वप्नाचेच उदाहरण घेऊ. बदल कुठे करायचा हे सर्वस्वी तुम्ही ठरवायचे असते आणि तो पराक्रमाचा असण्याची अजिबात गरज नसते. जिना संपतच नाही, त्याऐवजी चौथ्या वळणावर एक खिडकी आहे आणि बाहेर भर दुपार आहे, असे लिहिता येईल. किंवा तुम्ही थांबता, वर पाहता आणि हाक मारणाऱ्याला ‘काय काम आहे?’ असे विचारता. तो म्हणतो, ‘किल्ली विसरलास’. तुमचा आवाज तुमच्याकडे का आला, हे एवढ्याने उलगडते आणि ओ द्यायची भीती उरत नाही. मला स्वतःला दुसरा पर्याय अधिक आवडतो, पण तुम्हाला तो खोटा वाटला तर उपयोगाचा नाही. एकदा लिहून झाल्यावर मनात घोळवायची ती फक्त नवी कथा. जुनी कथा तपशिलात उगाळू नये. हे काम झोपण्याच्या तोंडावर करू नये आणि पहाटेच्या त्या वेळी तर मुळीच करू नये. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही तरी ते सोडू नये.

एक अपवाद आवर्जून सांगते. स्वप्नात खरोखर घडून गेलेला एखादा आघात जसाच्या तसा परत येत असेल, तर हा प्रयोग एकट्याने करण्याऐवजी प्रशिक्षित व्यक्तीच्या सोबतीने करावा. दुःस्वप्नांबरोबर जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील, तर झोपेच्या उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी मदत घ्यावी.

शब्दखूळ

वरील चर्चा वाचतो आहे. शरीर शांत झाले, भीती ओसरली, पण डोके सुरूच राहिले, अशी एक मधली अवस्था असते आणि तिच्याबद्दल कोणी लिहिलेले दिसत नाही. माझी अडचण नेमकी तीच असते. आकडे उलटे मोजणे मला कधीच मानवले नाही, कारण मोजता मोजता बाकीचे विचार खुशाल चालू राहतात.

ल्यूक बोदोआं या कॅनडातील संशोधकाने सुचवलेली एक पद्धत मात्र मला उपयोगी पडते. झोप लागताना मेंदूत एकमेकांशी संबंध नसलेली चित्रे तरळू लागतात. तीच विस्कळीत अवस्था आपण मुद्दाम निर्माण करायची, अशी तिच्यामागची कल्पना आहे. एखादा बिनभावनेचा शब्द घ्यायचा, उदाहरणार्थ ‘कपाट’. मग ‘क’पासून सुरू होणाऱ्या वस्तू एकेक करून डोळ्यांसमोर आणायच्या: कंदील, करवत, कासव, कुलूप. प्रत्येक वस्तू दोनचार क्षण नीट पाहायची. कासवाच्या पाठीवरच्या खवल्या, कुलपाचा गंज, आणि पुढे जायचे. ‘क’ आटला की ‘प’: पतंग, पिंजरा, पुस्तक. अनिमिष यांनी येथे ‘पायरी’ आली तर सोडून द्यावी, हे सांगायला नको. वस्तूंमध्ये गोष्ट जोडायची नाही, क्रम लावायचा नाही, अवघड शब्द शोधायचा नाही. चुरस आली की झोप गेली. माझ्या बाबतीत ‘ट’पर्यंत पोहोचण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

घरातलेसर्व

अवांतर वाटेल, पण लहान मुलांच्या पालकांसाठी एक भेद सांगून ठेवतो. मूल पहाटे रडत उठले, जवळ आले आणि काय दिसले ते सांगू लागले, तर ते दुःस्वप्न असते. त्याला जवळ घ्यावे, थोडा वेळ सोबत बसावे आणि त्याच्याच अंथरुणात पुन्हा झोपवावे. याउलट झोपल्यापासून पहिल्या दोनतीन तासांतच मूल किंचाळत उठून बसले, डोळे उघडे असूनही आपल्याला ओळखत नसले आणि सकाळी त्याला काहीच आठवत नसले, तर तो गाढ झोपेतून अर्धवट जाग येण्याचा प्रकार असतो. तेव्हा मुलाला हलवून जागे करू नये. इजा होणार नाही एवढे पाहावे आणि झटका ओसरू द्यावा. वरच्या प्रतिसादांतील उपाय त्या प्रकाराला लागू पडत नाहीत.

सायंतारा

अनिमिष, तुम्ही जाताजाता लिहिलेली ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मेटोप्रोलॉल हे बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती आणि रक्तदाब कमी करणाऱ्या औषधांच्या एका गटातील औषध आहे. या गटातील, विशेषतः मेंदूत सहज शिरणाऱ्या प्रोप्रॅनोलॉल आणि मेटोप्रोलॉल या औषधांच्या ज्ञात दुष्परिणामांत ठसठशीत स्वप्ने, दुःस्वप्ने आणि झोपमोड यांचा समावेश आहे. औषध अर्ध्या वर्षापूर्वी सुरू झाले आणि स्वप्ने गेल्या काही महिन्यांतील आहेत, एवढ्यावरून दोष औषधाचाच आहे असे ठरत नाही. मात्र ही गोष्ट औषध देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घालणे आवश्यक आहे. घेण्याची वेळ बदलणे, मात्रा बदलणे किंवा दुसऱ्या गटातील औषध देणे, असे पर्याय त्यांच्याकडे असतात. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नये. बीटा-ब्लॉकर अचानक थांबवले तर हृदयाची गती आणि रक्तदाब उसळी घेऊ शकतात, आणि हृदयविकार असलेल्यांना तर ते जिवावर बेतू शकते.

इतर वाचकांसाठीही काही नोंदी करते. नैराश्यावरील अनेक औषधे, धूम्रपान सोडण्यासाठी रात्रभर लावून ठेवलेली निकोटीनची पट्टी आणि दम्यासाठी दिले जाणारे मॉन्टेलुकास्ट यांमुळेही अशी स्वप्ने पडू शकतात. मॉन्टेलुकास्टच्या मानसिक दुष्परिणामांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये सर्वांत ठळक दर्जाचा इशारा छापायला लावला. झोपेसाठी म्हणून घेतलेले मद्य सुरुवातीला रेम झोप दाबते आणि त्याचा अंमल उतरला की पहाटे ती उफाळून येते, त्यामुळे दुःस्वप्नानंतर ‘थोडी घेतो आणि झोपतो’ हा उपाय त्रास वाढवणारा ठरतो. जोरात घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा अनावर पेंग येणे हे दुःस्वप्नांच्या जोडीला असेल, तर निद्राश्वसनरोधाची तपासणी करून घ्यावी.

आणखी एक लक्षण घरच्यांना विचारून पाहावे. रेम झोपेत एरवी हातापायांचे स्नायू निपचित असतात. एखादा माणूस स्वप्नातल्याप्रमाणे खरोखर लाथा झाडत असेल, ठोसे मारत असेल किंवा पलंगावरून खाली पडत असेल, तर तो वेगळा विकार असतो. कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये त्याचे वर्णन केले. पन्नाशीनंतर तो अधिक आढळतो आणि पुढे उद्भवणाऱ्या पार्किन्सन्ससारख्या आजारांशी त्याचा संबंध असू शकतो, म्हणून त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे.

अंथरुणात पडावे की उठावे, या वादाबद्दल माझे उत्तर असे: आधी पडून पाहावे, आणि चुळबुळ सुरू झाली, चिडचिड होऊ लागली की उठावे. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये निद्रानाशासाठी मांडलेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. आता तिच्यात पंधरा-वीस मिनिटे हे माप सांगतात, पण ते अंदाजाने घ्यायचे असते, घड्याळ पाहून नव्हे. उठल्यावर दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसावे, आधी वाचलेले आणि उत्कंठा न वाढवणारे काहीतरी वाचावे, आणि पापण्या जड झाल्या की परत यावे. येताना कडीकडे जाऊ नये. ती रात्री झोपण्यापूर्वी एकदाच लावावी आणि लावताना नीट पाहून घ्यावी.

अनिमिष

डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि तोपर्यंत गोळी ठरल्याप्रमाणेच घेत राहीन. मनोगती, किल्लीचा पर्याय वाचून मला हसू आले, त्यामुळे तोच निवडतो. उद्या सकाळी कागद घेऊन बसेन. घड्याळ आजच खोलीबाहेर ठेवले आहे.

एक शेवटची शंका. अशी रात्र गेल्यावर दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपून ती भरून काढावी का, की दुपारी आडवे व्हावे?

मनोगती

सकाळी उठण्याची वेळ बदलू नका. उशिरापर्यंत झोपलात तर त्या रात्री झोपेची ओढ कमी पडते आणि पहाटेची झोप आणखी विरळ होते. शिवाय सकाळची ती वाढीव झोप प्रामुख्याने रेम झोपच असते, म्हणजे स्वप्नांना अधिक वाव. दुपारी फारच गळून गेल्यासारखे वाटले तर तीनच्या आत वीसएक मिनिटे, गजर लावून, आडवे व्हायला हरकत नाही. गाडी चालवायची असेल तर मात्र ती डुलकी आधी घ्या. रात्री नेहमीपेक्षा लवकर अंथरुणावर जाण्याचा मोह होईल, पण डोळे मिटू लागेपर्यंत थांबा.